भिंतीवरची मोठी अक्षरं

"बाई, आई गेली… सकाळी चहा घेतला अन् बसल्याबसल्याच." सुभद्राबाईच्या सुनेचा, मायाचा, फोन आला तेव्हा मी बालाघाटच्या घरी होते. मिळेल ती बस धरून कटंगीकडे निघाले. वाटभर डोळे वाहत होते आणि तरी तिच्या आठवणींनी हसूही येत होतं.

सुभद्राबाईनं उभं आयुष्य कटंगीजवळच्या आमच्या गावच्या ग्रॅनाइटच्या खदानीत दगड फोडण्यात घालवलं. मी तिथल्याच शाळेत शिक्षिका. खदान बंद पडली आणि घण, पहारी, छिन्न्या भंगारात निघाल्या, तेव्हा तिनं भंगारवाल्याची गाडी अडवली. "काहून नेतोस? आमच्या हातचं काम कोणी पाहाले नको?" खदानीची जुनी कचेरी ओस पडली होती. तिथे तिनं ती हत्यारं मांडली. ती सांगायची, मी पाट्यांवर लिहायचे.

वर्षभरात ती खोली पाडून दुकानं बांधायचा विषय ग्रामसभेत आला. सुभद्राबाई उठली. "पाडायचं त पाडा. पण आधी सारे खदानीत चला."

दोन जुन्या सोबतिणींना घेऊन तिनं एका प्रचंड दगडावर आधीच ओळीनं भोकं पाडून ठेवली होती. त्यात लोखंडी पाचरी बसवल्या आणि एकेकीवर हलकेच घण घातला, शेवटचीपर्यंत, मग पुन्हा पहिलीपासून. मग घण खाली ठेवून ती चक्क बसली. सरपंच हसले. "अम्मा, थक गईं क्या?"

"नाई. आता त्याचं काम हाय. दगडाले घाई चालत नाई."

लोक कुजबुजू लागले. तेवढ्यात कडाड् आवाज झाला. दगड सुरीनं कापल्यासारखा सरळ दुभंगला. टाळ्यांचा गजर झाला. सरपंचांनी त्या गुळगुळीत कडेवरून हात फिरवला आणि तिथेच विचारलं, "खोली ठेवायची?" एकूण एक हात वर झाला.

त्या खोलीचं संग्रहालय झालं. मग तिनं मला दारासमोरची आतली भिंत रंगवायला लावली. खदानीच्या हजेरीपटात बायकांना नावच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची सून एवढंच. सुभद्राबाईला मात्र प्रत्येकीचं नाव पाठ होतं. ती सांगत गेली, मी ब्रशानं लिहीत गेले.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी खैरलांजीहून एक थकलेली म्हातारी आली. कधीकाळी इथेच गिट्टी फोडायची. म्हणाली, "मले वाचता येत नाई. कौसाबाई कुठं लिवलं हाय?" मी तिचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत ते बोट सावकाश सरकलं.

"एवढं मोठं काहून लिवलं वं बाई?"

"सुभद्राबाईनं सांगितलं होतं," मी म्हटलं, "रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

कौसाबाई दाराबाहेर गेली, थेट रस्त्यापर्यंत चालली, वळली, आणि तिथूनच ओरडली, "हौ! दिसते!"