पटावरची काजळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, देवासमोरही नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर लिहिते आहे — अडखळले तर समजून घ्या.

आम्ही मारवाडी जैन, तीन पिढ्यांपासून परतूरजवळच्या खेड्यात. शत्रुंजय डोंगराच्या यात्रेला ज्यांना जाता येत नाही, ते कार्तिकी पौर्णिमेला त्या डोंगराचं चित्र असलेल्या मोठ्या कापडी पटासमोर हात जोडतात. आमच्या मंदिरातला पट आजेसासऱ्यांच्याही आधीचा. दिव्यांच्या धुराने काळवंडलेला, घड्यांवर विरलेला. निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हा तो नीट करायला पैठणकडचे एक चितारी आले. गणपतराव. साठी उलटलेले. मंदिराशेजारच्या खोलीत फळ्यांवर पट पसरला. अंघोळ करून, धुतल्या कपड्यांत त्यांच्या हाताखाली बसणारं कुणीतरी हवं होतं, आणि घरात रिकामी मीच — विसाव्या वर्षी विधवा.

मी कणकेची खळ शिजवायची. तिने त्यांनी पटामागे नवा मांजरपाट चिकटवला. मग उकळून गाळलेलं पाणी वाटीत घ्यायचं, कापसाचा बोळा भिजवून पिळायचा, नखाएवढ्या जागेवर फिरवायचा. रंग उठतो का बघायचं. मग पुढची जागा. दोघांच्याही तोंडाला आठपदरी रुमाल — पूजेत बांधतो तसा, श्वाससुद्धा लागू नये म्हणून.

गणपतरावांनी कामापुरती तंबाखू सोडली होती. "माझ्या घरी कळू देऊ नका, बाई," म्हणायचे. "बायको म्हणंल, माझ्यासाठी चाळीस वर्षांत सुटली न्हाई, अन् कापडासाठी सुटली."

एकदा म्हणाले, "तुमचा हात लई हलका हाय. शिकवण्याजोगा." मला असं कुणी कधी — जाऊ द्या. त्या एका वाक्याने मी फुगले, एवढं खरं.

चित्रातल्या शिखरावरच्या मंदिराची काजळी पाण्याने निघत नव्हती. मी विचारलं, आता काय? ते म्हणाले, "लाळेनं बराबर निघती. लोकांच्या घरच्या तसबिरी मी तशाच पुसल्या. पण इथं न्हाई. बिलकुल न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला गेले. ते परत येतील तेव्हा ती जागा स्वच्छ दिसावी — एवढंच मनात होतं. मी रुमाल खाली ओढला. बोळा जिभेवर ओला केला. देवाच्या पटाला उष्टं लावणं म्हणजे काय, मला माहीत नव्हतं का? होतं. तरी फिरवला. काळ्याखालून सोनेरी कळस वर आला, आणि मला — आनंद झाला.

तेवढ्यात दारात जेठसा खोकले. जेठसा म्हणजे माझे थोरले दीर. आत येण्याआधी खोकायचं, म्हणजे सुना घुंगट घेतात, ही आमची रीत. मंदिराचा कारभार त्यांच्याकडे, आणि माझी भाकरही त्यांच्याच घरची. मी रुमाल वर केला, घुंगट ओढला.

त्यांनी पट पाहिला. मग वाटी पाहिली. सकाळचं पाणी संपलेलं, वाटी कोरडी.

"पाणी न्हाई, मंग हे ओलं कशानं?"

मागोमाग गणपतराव आले, जेवून, ओठ पुसत.

"पटाला तोंड लावलं? तंबाखूचं तोंड?" जेठसा त्यांच्यावर ओरडले.

गणपतरावांनी वाकून ती जागा पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. "मी न्हाई केलं, मालक," एवढंच म्हणाले. कुणी केलं, ते बोलले नाहीत.

जेठसा माझ्याकडे वळले. "बींदणी, ह्यांनीच केलं ना?"

आता हे नीट ऐका. आमच्यात बींदणी, म्हणजे सून, जेठाशी बोलत नाही. मी गप्प उभी राहिले असते, तर कुणालाही गैर वाटलं नसतं. खोट्याची गरजच नव्हती — नुसतं उभं राहायचं होतं. ते तरी जमलं का?

मी मान हलवली. हो म्हणून. एकदा नाही, दोनदा. घुंगटातूनही दिसावी अशी.

त्याच दिवशी गणपतरावांची कुंचल्यांची पेटी बाहेर गेली. पटाची शुद्धी झाली, घरोघर उपवास झाले, मीही केला. शुद्धीचं चंदन मीच उगाळलं. जेठसांनी आसपासच्या मंदिरांना कळवलं. गणपतरावांना असं काम पुन्हा मिळालं नाही. अर्धा पुसलेला पट गुंडाळून पेटाऱ्यात ठेवला, तो तिथेच आहे. पौर्णिमेला आता छापील चित्र टांगतात.

पर्युषणाच्या शेवटी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. दरवर्षी मी दारोदार जाते, दळण आणणाऱ्या बाईलाही हात जोडते. पैठण किती लांब आहे, मी कधी विचारलंसुद्धा नाही.

मागच्या वर्षी गणपतराव परतूरच्या बाजारात दिसले. शिडीवर, एका कापडदुकानाची पाटी रंगवत. पुढे चाललेल्या जेठसांना पाहून त्यांनी मला ओळखलं असणार. जेठसा पुढे जाईपर्यंत थांबले, मग वाकून हळूच म्हणाले, "बाई, पट पुरा झाला का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"बरं झालं," म्हणाले, आणि पाटीकडे वळले.