चालीवर दावा

माझे वडील रिसोडच्या मार्केटात सोयाबीनची पोती उचलायचे आणि जयंतीला विहारासमोर गायचे. पोत्यांनी त्यांची पाठ खाल्ली, गळा मात्र शेवटपर्यंत शाबूत होता. आजूबाजूच्या गावांत लोक त्यांना गाण्यावरूनच ओळखत. मी त्यांची मुलगी, पण त्याहून जास्त मी त्यांची फॅन. फॅन लोक करतात ते सगळं मी केलं. त्यांच्या नावाचं पेज काढलं, जयंतीला फोनवर त्यांचं गाणं शूट केलं, त्यावर रंगीत अक्षरं फिरवली आणि खाली ठसक्यात लिहिलं, ‘शब्द, चाल, आवाज : माझे बाबा’.

ते गाणं त्यांनी माझ्यासाठी रचलं होतं. मी शाळेत जायला रडायचे, आईच्या मागे कापणीला पळायचे, तेव्हाचं. ‘इळा ठेव गं पोरी, पाटी धर’ अशी त्याची सुरुवात. पुढे मी खरंच शिक्षिका झाले, मंगरूळपीरला नोकरीला लागले. गावातल्या बायांना ते गाणं तोंडपाठ होतं.

हिवाळ्यात बाबा गेले. त्याआधीच मी माझा जुना फोन दुकानात देऊन नवा घेतला होता. व्हिडिओ पेजवर आहे, तो कुठे पळून जातो, असं मला वाटलं होतं. पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर एका शनिवारी मी घरी आले, तेव्हा आई म्हणाली, “लाव बरं त्यायचं गानं.”

मी लावलं. बाबा खंजिरी वाजवत होते, मान हलवत होते, तोंड उघडत होते. आवाज नव्हता. आईने फोन कानाला लावला, झटकला, पुन्हा कानाला लावला.

“आवाज काहून येऊन नाही राह्यला?”

व्हिडिओखाली एक सूचना होती. ती मी मोठ्याने वाचली आणि ते अंगाशी आलं. ‘तुमच्या व्हिडिओतील संगीतावर कॉपीराइट दावा आहे. आवाज बंद करण्यात आला आहे.’

आमच्याकडे दावा म्हणजे कोर्टातला. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भावाभावांत पडतो तो. आईच्या माहेरी तसा एक दावा इतकी वर्षं चालला की तो लढणाऱ्या दोघांच्याही चिता विझून गेल्या. तिचा चेहरा उतरला.

“दावा? मेलेल्या मानसावर? कोनं टाकला?”

“एका कंपनीनं.”

“तारीख कधीची हाय?”

मी तिला समजावलं. कोर्ट नाही, तारीख नाही. एक मशीन सगळ्यांचे व्हिडिओ ऐकत असतं, कुणाच्या गाण्याशी गाणं जुळलं की पकडतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःला हवा तो अर्थ काढला. तिच्या नवऱ्याने चोरी केली असं कुणीतरी म्हणत होतं.

सकाळी पाहते तर ओसरीवर दोन म्हाताऱ्या बसलेल्या, धुतलेली पांढरी लुगडी नेसून. बाबा गाताना मागून ओळ उचलून झील धरायच्या, त्या या दोघी. आईने साक्षीला बोलावल्या होत्या.

“कुठं अंगठा द्याचा ते सांग,” त्यातली थोरली म्हणाली. “त्यायनं याच वसरीत बसून गानं रचलं. आमी सोता पाह्यलं.”

मी चिडले. मशीनपुढे साक्षीदार चालत नाहीत, असं त्यांच्यावर खेकसले. त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी त्यांच्यासमोरच मी दाव्याचं पान उघडलं. बाबांचं गाणं कोणत्या गाण्याशी जुळलं ते तिथे दिलं होतं. मी ते लावलं.

जुन्या हिंदी सिनेमातलं गाणं होतं. व्हायोलिनांचा ताफा, बाईचा गोड आवाज आणि चाल बाबांची. अगदी वळणासकट बाबांची. वर्गातल्या मुलांनासुद्धा मी कौतुकाने सांगितलं होतं की ही चाल माझ्या वडिलांनी बांधली. आईकडे बघायची हिंमत होईना.

“हाव, हेच तं,” आई म्हणाली. “चाल सिनेमाचीच व्हती. लग्नात भोंग्यावर वाजे.”

“तुला माहीत होतं?”

“समद्यायलेच मालूम व्हतं. पेटी कोनापाशी व्हती तवा? अन् चाल ओळखीची असली का बाया पह्यल्याच दिवशी झील धरत.” तिने फोन माझ्याकडे सरकवला. “त्यायले लिव. चाल तुमची तुमी घ्या. शब्द आमच्या मानसाचे हायेत, आवाज आमच्या मानसाचा हाय. तेवढं वापस द्या म्हना.”

हरकत नोंदवायला जागा होती. तिथे मी शाळेच्या अर्जातली भाषा वापरून लिहिलं की शब्द आणि आवाज माझ्या वडिलांचे आहेत, ते हयात नाहीत, आणि या आवाजाची दुसरी प्रत आमच्याकडे नाही. काही दिवसांनी उत्तर आलं. दावा कायम. कायद्याने त्यांचं बरोबरच असेल, चाल त्यांची होती. पण चालीबरोबर त्यांनी माझ्या बापाचा गळाही नेला. त्याचा राग मला आजही आहे आणि तो मी गिळणार नाही.

पुढच्या रविवारी मी ते उत्तर आईला वाचून दाखवलं. त्या दोघीही येऊन बसल्या होत्या. आई तो मुका व्हिडिओ तेवढा पुन्हा लाव म्हणाली.

बाबांचा हात खंजिरीवर पडू लागला. आई त्यांच्या ओठांकडे बघत होती. त्यांनी तोंड उघडलं आणि ती गायला लागली. तिचा गळा कधीच गाण्याचा नव्हता, घरात गाणारं एकच माणूस होतं. पण त्यांनी श्वास घेतला की ती घेई, त्यांनी मान वळवली की तिचा सूर वळे. दुसऱ्या ओळीला त्या दोघींनी झील धरली. मला रडू आवरेना.

व्हिडिओत शेवटचं कडवं नाही. तेव्हा मध्येच फोनची बॅटरी संपली होती. बाबांचा हात वर असतानाच पडदा काळा झाला आणि त्या दोघी गप्प झाल्या. मी फोन घ्यायला हात पुढे केला. आईने तो सोडला नाही. काळ्या पडद्याकडे बघत, राहिलेलं कडवं तिने एकटीने म्हटलं.