आघाड्याचा कच्चा रंग

अध्यक्षकाकांनी पंचपात्रातून पळीभर गंगाजल घेतलं आणि माझ्या चित्रावर शिंपडलं. जलरंगातलं चित्र. हिरवा पसरला, पानांच्या कडा गेल्या, देठ ओघळून कागदाच्या खालच्या कडेला आला.

“अरेच्या,” काका हसले. “रंग कच्चा निघाला की.”

मी आठवीत होते. बनारसमधल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव, भोसले घाटाजवळच्या सभागृहात. मुलांसाठी चित्रस्पर्धा होती, गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींची. चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला दूर्वा, कुणाला बेल. मला आघाडा. बाकीच्या पोरांना तो ओळखूही येत नव्हता. इथले लोक त्याला लटजीरा म्हणतात. आमच्या रेल्वे कॉलनीत, रुळांच्या कडेला, दुसरं काही उगवायचंच नाही.

चार दिवस मी त्या झाडापुढे उकिडवी बसले. पानं समोरासमोर जोडीनं येतात, हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. फूल वर बघतं. फळ धरलं की खाली वळतं, टोकेरी होतं आणि जाणाऱ्याच्या कपड्याला चिकटतं. माझा फ्रॉक भरून गेला होता. आई ओरडली. पण मला वेड लागलं ते लागलंच.

माझा पहिला नंबर आला. पहिलं चित्र मूर्तीशेजारी लागणार होतं. काकांनी कौतुकानं जवळ बोलावलं.

“आडनाव काय गं?”

सांगितलं.

“वडील काय करतात?”

“रेल्वेत आहेत.”

“रेल्वेत काय?”

“डबे धुतात.”

काकांनी पंचपात्र जवळ ओढलं. मग ती पळी. “देवाजवळ लावायचंय ना, शुद्ध करून घेतो.”

सभागृह भरलेलं होतं. कुणी हूं की चूं केलं नाही. आईनं मला हाताला धरून बाहेर आणलं. “जाऊ दे गं,” म्हणाली. मला काकांपेक्षा आईचा जास्त राग आला. आज त्याची लाज वाटते. तिला किती वेळा जाऊ द्यावं लागलं असेल, ते तिलाच ठाऊक.

घरी बाबांनी ओलं चित्र वर्तमानपत्राच्या घडीत घातलं आणि त्यावर ट्रंक ठेवली. “फेकू नको पोरी,” म्हणाले. “पुरावा आहे हा.”

त्यानंतर मी देवासाठी एकही पान काढलं नाही. रुळांकडेची झाडं काढली, राजा घाटाच्या दगडांत उगवलेली काढली. किडीनं पान खाल्लं असेल तर भोकासकट. मुळाला माती असेल तर मातीसकट. शोभेसाठी काही लपवायचं नाही, हा वनस्पतिचित्रांचा नियमच आहे, आणि तो मला आवडला. आता वनस्पतींच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. त्यावरच घर चालतं.

गेल्या महिन्यात मंडळाचा फोन आला. काकांचा मुलगा, आता तो सचिव आहे.

“ताई, आपल्या काशीची मराठी मुलगी एवढी मोठी झाली, अभिमान आहे आम्हाला. यंदा एकवीस पत्रींची तुमची चित्रं लावू या. फक्त खाली नुसतं नाव घाला. आडनाव कशाला? कलावंताला जात नसते.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“मग मंडळाच्या पाटीवरचं तुमचं आडनाव आधी पुसा,” मी म्हटलं.

“तसं नाही ताई, लोक काय…”

“चित्रं देते,” मी म्हटलं. “वीस नवी. आघाडा जुनाच.”

“म्हणजे… तोच?” त्यानं आवाज खाली आणला. चित्र त्याच्या लक्षात असावं. तो माझ्याच वर्गात होता, त्या दिवशी पहिल्या ओळीत बसला होता.

वाळल्यावर ते ट्रंकेतच ठेवलं होतं. काल काढलं. डाग पिवळे पडलेत. पण ज्या रेघांवर पाणी पडलं नव्हतं, त्या अजून कालच्यासारख्या हिरव्या आहेत. रंग कच्चा नव्हता. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. बाबांच्या नावासकट, आडनावासकट, पक्क्या काळ्या शाईनं.

चित्र मूर्तीशेजारीच लागेल, नाहीतर एकवीसच्या एकवीस परत येतील. काच लावणार नाही. कुणाला शिंपडायचं असेल त्यानं खुशाल पळी उचलावी. मी चित्राला पाठ लावून उभी असेन. आधी माझ्या तोंडावर शिंपडावं लागेल.