गिरणीच्या भिंतीवरचे वाक्य

ही, माझी बायको, गेली त्याला आता सात आठवडे झाले. पत्रे अजून येतात. बहुतेक माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची. परवा मूल गावाहून एक पोस्टकार्ड आले. लिहिणारा आता स्वतःच सेवानिवृत्त झाला आहे. अक्षर अजून शाळेतल्यासारखेच, शिरोरेघ पट्टीने ओढल्यागत सरळ. त्याने माझ्या सांत्वनासाठी एक वाक्य दिले होते, ‘दुःख ही देवाची देणगी आहे, ती हसत स्वीकारावी,’ आणि त्याखाली पाद्रीबाबांचे नाव.

ते वाक्य पाद्रीबाबांचे नाही. ते माझे आहे.

मी मूलच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत, आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होते. पाद्रीबाबा खरे म्हणजे पाद्री नव्हतेच. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक ते. ख्रिस्ती, पांढरे धोतर नेसणारे, मराठी असे लिहिणारे की आमच्या मुख्याध्यापकांनी त्यांचे परिच्छेद शुद्धलेखनासाठी घालावेत. पण ख्रिस्ती माणूस धर्माचे बोलतो म्हणजे पाद्रीच, असे बाजाराने एकदा ठरवले आणि त्यांनीही ते कधी खोडून काढले नाही. त्यांची एकच पुस्तिका होती, नव्वदेक पानांची. ती ते आठवडी बाजारात स्वतः विकत. भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला चादर पसरून बसायचे, उन्हाने पुस्तकांची कव्हरे वळली की त्यांवर दगड ठेवायचे.

हिने ते पुस्तक लग्नाआधी चामोर्शीच्या बाजारात घेतले होते. ही सातवी पास होती. धानशेती करणाऱ्या घरातली एवढी शिकलेली मुलगी तेव्हा विरळाच. तिच्याजवळ पुस्तके दोनच, एक पोथी आणि एक हे. पोथी ती वाचायची आणि पाद्रीबाबांशी बोलायची. म्हणजे वाचता वाचता मध्येच थांबून म्हणायची, ‘हे तं बरोबर हाय बाबा,’ नाहीतर, ‘हे नाई पटत मले.’ लग्नानंतर पहिले काही महिने मला त्या म्हाताऱ्याचा थोडा हेवाच वाटे.

शाळेत फळ्यावर रोज सुविचार लिहिण्याचे काम नव्या शिक्षकाकडे असे, म्हणजे माझ्याकडे. मुख्याध्यापकांचा एक नियम होता. सुविचाराखाली कुणाचे तरी नाव पाहिजेच. ते म्हणत, “बिननावाचा विचार म्हणजे बिनसहीचा अर्ज. केराच्या टोपलीत.” त्यामुळे आम्हां शिक्षकांची एक सवय झाली होती. वाक्य आठवले आणि नाव आठवले नाही, की ज्याला शोभेल त्याचे नाव घालायचे. शौर्याचे असले की एक नाव, चरख्याचे असले की दुसरे. कुणी तपासायला बसले नव्हते.

त्या वर्षी ही पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि जाताना पुस्तक घेऊन गेली. एका सकाळी घंटा व्हायला आली तरी मला काही सुचेना. पाद्रीबाबांच्या पुस्तकात दुःखाबद्दल एक जागा आहे एवढे आठवत होते. ती लांब होती, जरा अडखळणारी होती. फळ्यावर ओळी दोनच मावत. मी मनाने एक गोळीबंद वाक्य केले, वळणदार अक्षरात लिहिले आणि खाली त्यांचे नाव टाकले. मुख्याध्यापक जाताना थांबले. “वा गुरुजी, क्या बात है.” मला इतका आनंद झाला, की ते वाक्य त्या आठवड्यात मी पुसलेच नाही.

तेवढ्यात धानगिरणीचे मालक काही कामाने शाळेत आले. त्यांना ते फार आवडले. पंधरा दिवसांत रंगाऱ्याने ते गिरणीच्या दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत उतरवले, खाली पाद्रीबाबांच्या नावासकट. बाजाराला येणारी प्रत्येक बैलगाडी त्या भिंतीसमोरून जाई आणि ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची. तान्हे बाळ घेऊन ही मात्र त्या बाजूला कधी गेली नव्हती.

आमची मुलगी आठ महिन्यांची झाली आणि तापाने गेली. तीन दिवसांचा ताप. त्याबद्दल मी इथे अधिक लिहिणार नाही.

बायका बसायला येत. शेजारची एक वयस्क बाई, मनाने चांगली, हिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “रडू नको बाई. तुह्ये पाद्रीबाबाच म्हणते ना, दुःख देवाची देणगी व्हय म्हणून. हासत घ्याव म्हणते.”

हिने मान वर केली. “कोण म्हणते?”

“पाद्रीबाबा. गिरणीवर लिवलं नाई काय? माह्या नातवानं वाचून दाखवलं.”

बाई गेल्यावर हिने मला विचारले, “हे त्याईच्या बुकात हाय काय जी? मले तं आठवत नाई.”

मी म्हणालो, “असेल कुठंतरी.”

या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते. वाक्य खोटे लिहिले तेव्हा मी फक्त आळशी होतो.

तिने पुस्तक उघडून पाहिले नाही. एका फडक्यात बांधून ते ट्रंकेच्या तळाशी ठेवले. महिनाभर ती बोलायची ते कामापुरते. वाचताना तिचे मधूनमधून ऐकू येणारे ते बोलणे बंद झाले तेव्हा घर किती मुके होते ते मला कळले. मग एक दिवस तिने ट्रंक उघडली. “हे बुक त्याईले वापस देऊन येऊ.”

“कशाला? टाकून दे हवं तर.”

“टाकाले ते का माह्यं हाय? ज्याचं त्याले देऊ. अन् एक विचारीन. पोरगी गेली तं हासू कशी, थे सांगा म्हणीन.”

मूलहून आम्ही छोट्या गाडीने चांद्याला गेलो. खिडकीतून जंगल सरकत होते, डब्यात कुणी मोहफुलांची टोपली घेऊन चढले होते, तिच्या मांडीवर ते फडके होते. सांगायला मला तीन तास मिळाले. मी सांगितले नाही.

पाद्रीबाबांचे घर म्हणजे कौलारू दोन खोल्या आणि पुढे चिंच. ते अंगणात बाजेवर बसून चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधत होते. त्यांच्या पत्नीने पाणी आणून दिले. हिने पाण्याला हात लावला नाही. फडके सोडून पुस्तक त्यांच्यापुढे ठेवले आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “बाबा, हे तुमचं तुमाले.”

“का बाई? पानं सुटली का?”

“नाई. तुमी लिहिलं ना, दुःख देवाची देणगी व्हय, हासत घ्याव म्हणून. माही पोरगी गेली. आठ महिन्याची होती. मले नाई हासता येत.”

म्हाताऱ्याने चष्मा खाली ठेवला. आधी ते बाजेवरून सरकले आणि तिला बसायला जागा केली. मग म्हणाले, “हे मी लिहिलेलं नाही, बाई.”

“मूलच्या गिरणीवर तुमचं नाव हाय.”

“असेल. पण माझी दोन लेकरं याच अंगणातून नेली. मी असं लिहीन कसा?” त्यांनी दाराकडे पाहिले. त्यांच्या पत्नी तिथेच उभ्या होत्या. “हिनं मला घरात राहू दिलं असतं का?”

त्या बाई म्हणाल्या, “चुलीत घातलं असतं ते बुक. अन् मागून याईले.”

पाद्रीबाबांना हसू आले. मग त्यांनी चष्मा लावला, बोट ओले करून पाने उलटली आणि हिच्या हातात पुस्तक उघडे दिले. “तुम्हीच वाचा.”

ही अडखळत वाचू लागली. ‘माझ्या घरी दुःख आले ते देवाने धाडले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला ते ठाऊक नाही. मी एवढेच पाहिले, की त्या दिवशी मी अंगणात आलो तेव्हा तो माझ्या आधी येऊन बसला होता, आणि तोही रडत होता.’

तिने ते दुसऱ्यांदा वाचले, मनात. मग बाजेवर बसली आणि महिन्याभराचे रडली. पाद्रीबाबांच्या पत्नी तिच्याजवळ जाऊन बसल्या. कुणीही तिला उगी म्हणाले नाही.

मला तिथे उभे राहवेना. मी म्हणालो, “ते वाक्य माझं आहे. फळ्यावर मी लिहिलं होतं.”

हिने माझ्याकडे पाहिले नाही. पाद्रीबाबांनी पाहिले. रागाने नव्हे, उशिरा आलेल्या विद्यार्थ्याकडे पाहावे तसे.

“मग खाली तुमचं नाव का नाही घातलं, गुरुजी?”

“माझं नाव कोण वाचणार?”

“खरं आहे,” ते म्हणाले. “पण तुमचं नाव असतं तर ही तुमच्याशी भांडली असती. माझं होतं म्हणून देवाशी भांडत बसली. बिचारी महिनाभर.”

पुस्तक परत फडक्यात बांधून आमच्याबरोबर आले. गाडी अर्ध्यावर आल्यावर ही म्हणाली, “मी विचारलं तवाच तुमाले मालूम होतं.”

“हो.”

“उद्या पुसून टाका थे भिंतीवरचं.”

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर बारीक अक्षरात त्यांचा खरा मजकूर लिहिला, आणि त्याखाली लिहिले, की मागे याच नावाने लिहिलेले वाक्य माझे होते. मुख्याध्यापक म्हणाले, “हे फार लांब झालं हो. आणि गुरुजी, चूक अशी फळ्यावर लिहायची असते का?” भिंतीवरचे पुसा म्हणून सांगायला गेलो, तर गिरणीचे मालक हसलेच. “चांगलं तं हाय गुरुजी. लोकाईले आवडून राह्यलं. अन् तुमच्या त्या नव्या वाक्यात देव रडते. गिराईक रडणाऱ्या देवाजवळ कायले येईन?” भिंत तशीच राहिली. पाद्रीबाबा दोन वर्षांनी वारले. पुस्तिका पुन्हा छापली गेली नाही. भिंतीला मात्र दर दिवाळीला नवा रंग मिळत गेला, आणि त्या वाक्यालाही. आज त्या सज्जनाला लोक ओळखतात ते त्यांनी न लिहिलेल्या एका ओळीवरून, तीही माझ्या.

हिने मला माफ केले की नाही, मी विचारले नाही. पण थोड्या दिवसांनी स्वयंपाकघरातून मला ऐकू आले, ‘हे तं बरोबर हाय बाबा.’ मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होतो. लाल पेन तसेच हातात राहिले.

पुस्तक आता माझ्या टेबलावर आहे. तिची बोटे फिरून ती जागा काळपट झाली आहे. पाने चाळावी लागत नाहीत, ते तिथेच उघडते.

काल मी मूलच्या कार्डाला उत्तर लिहिले. तो मजकूर पुस्तक समोर ठेवून, एकेक शब्द पडताळत उतरवला आणि खाली पाद्रीबाबांचे नाव घातले. मग लिहिले, की तुझ्या कार्डातले वाक्य त्यांचे नाही, माझे आहे, आणि ते तू लहानपणी माझ्याच फळ्यावरून उतरवले असणार, तेव्हा दोष तुझा नाही. कार्डावर थोडी जागा उरली होती. तिथे एवढेच लिहिले: ते वाक्य मी केले तेव्हा माझे कुणीच गेलेले नव्हते.