दादाचं भादरलेलं डोकं

बाबांना अग्नी दिला त्याच दिवशी दादाने डोक्यावरचे केस आणि मिशी उतरवली. आमच्यात थोरल्याने तसंच करायचं असतं. अग्नी देणाऱ्याने दहाव्यापर्यंत बाहेर भटकायचं नसतं, हेही खरं. पण बेलवलीच्या आमच्या घरात धावपळीला तो आणि मी, दोघंच. आई गुडघ्यांनी अडलेली. म्हणून दहाव्याच्या आदल्या दिवशी भावकीला द्यायच्या टॉवेल-टोप्या आणायला तोच उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात गेला.

दुपारी त्याचा फोन आला. ‘अगं, मला चौकीत बसवलंय.’

मी तशीच रिक्षाने निघाले. बाजारातल्या कॅमेऱ्याने दादाचा चेहरा कुठल्याशा चेन खेचणाऱ्याशी जुळवला होता. साहेबांनी मला दोन्ही फोटो दाखवले. तो माणूसही तुळतुळीत, बिनमिशीचा, डोळे खोल गेलेले. दादाचे डोळे रडून रडून खोल गेले होते, हे त्या मशीनला कोण सांगणार?

‘आमचे वडील वारलेत हो. उद्या दहावा आहे,’ मी म्हटलं.

‘सगळे असंच सांगतात. सिस्टिमने मॅच दिलाय.’

मी मोबाइलमधून दादाचा जुना फोटो काढून पुढे धरला. दाट केस, झुपकेदार मिशी. तो बघून साहेब उलट खूशच झाले. ‘म्हणजे याने चेहरा बदललाय.’

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, ‘साहेब, तुमच्या घरात कधी कोणी गेलंच नाही का?’ त्यावर मला बाहेर काढलं. साहेब काही परदेशातून आलेला नव्हता, आपलाच मराठी माणूस. बाप गेला की पोरगा डोकं करतो, हे त्याला शिकवायला हवं होतं? पण सिस्टिम म्हणते म्हटल्यावर याने अक्कल गहाण टाकलेली. ‘ठसे सकाळी तपासू,’ म्हणाला आणि दादाला ठेवून घेतलं.

सकाळी नदीवर गुरुजी थांबले, भावकी थांबली. ऊन चढलं. ‘पोरगा कुठाय?’ म्हणून लोक एकमेकांच्या कानाला लागले. शेवटी चुलत्यांनी पिंड ठेवला. पोटचा पोरगा जिवंत असताना. मी रडले नाही, इतकी संतापले होते.

दादा दुपारी घरी आला. ठसे जुळले नाहीत, जा म्हणाले. माफी राहिली बाजूला, सोडताना त्याचे चारी बाजूंनी फोटो काढून घेतले, तशाच भादरलेल्या डोक्याचे. रेकॉर्डला लागतात म्हणे.

आता त्याचे केस वाढलेत, मिशीही आलीये. पण कॅमेरा दिसला की तो मान खाली घालतो. चोर कोण आणि मान कोण खाली घालतंय. बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

परवा जेवताना तो ताटात बघत म्हणाला, ‘आईच्या वेळेला मी केस काढणार नाही.’

आई समोरच बसली होती. तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाली, ‘नको काढूस.’