गाऱ्हाण्यात ठेवलेलं घर

बाबांना कागदावर लिहिलेल्यापेक्षा देवासमोर बोललेलं पक्कं वाटायचं, आणि त्याबद्दल मी अजून त्यांच्यावर रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, सगळं आपल्या डोळ्यांदेखत मार्गी लावायचं. पूर्णगडजवळचं आमचं घर आणि मागची हापूसची कलमं दादाला बक्षीसपत्राने द्यायची. मी लग्न होऊन रत्नागिरीत सुखात होते, मला त्यातलं काही नको होतं. वकिलांनी मात्र बाबांना विचारलं, "वहिनींचा तहहयात राहण्याचा हक्क घालूया ना यात?"

बाबा दुखावले. "माझा पोरगा आईला घराबाहेर काढील काय? असं लिहिलं तर त्याला काय वाटेल?" मी मध्ये बोलायला गेले, तर मलाच डोळे वटारून गप्प केलं. बक्षीसपत्र झालं, त्यात आई कुठेच नव्हती.

तिची सोय त्यांनी आपल्या पद्धतीने केली. बागेच्या कोपऱ्यात जांभ्याचा एक दगड आहे, तो आमचा राखणदार. आंबा उतरवायच्या आधी घरचा कर्ता त्याला नारळ देतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मनातलं मागणं मोठ्याने सांगतो. बाकीच्यांनी होकार द्यायचा. त्या वर्षी बाबा हात जोडून म्हणाले, "बा राखणदारा, हिच्या जित्तेपणी हिला ह्या घरातनं कोनी उठवू नये. जो उठवील त्याचं तू बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. दादाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. बाबा त्या दिवशी पोटभर जेवले.

ते गेल्यावर दादाने घर-बाग विकायला काढली. दादा वाईट नाही, हेच तर दुःख आहे. मुंबईत एका खोलीत त्याची मुलं मोठी झाली, आणि गिऱ्हाइकाला घर रिकामं हवं होतं. मी त्याच वकिलांकडे धावले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "गाऱ्हाण्याची नोंदणी होत नाही हो, ताई," ते हळूच म्हणाले. मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले.

आईला माझ्याकडे न्यायला गेले, तेव्हा दादा तिची ट्रंक रिक्षात ठेवत होता. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आई नारळ घेऊन मागच्या दाराने बागेत निघाली. आम्ही दोघं तिच्या मागोमाग गेलो.

आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. आई जन्मभर पदर सावरून मागे उभी राहिली होती. आज ती पुढे झाली. मला वाटलं, आता ही राखणदाराला बाबांच्या शब्दांची आठवण करून देणार. खरं सांगते, मला तेच हवं होतं.

"बा राखणदारा," आई म्हणाली, "त्यांनी तुला सांगितलेलं इसरून जा. मना कोनी उठवलेलं नाय. मी माज्या पायांनी जातंय. माज्या पोराला काय लागू देव नको रे म्हाराजा."

मग ती होकारासाठी थांबली. दादा तोंड झाकून रडत होता. आईने वळून माझ्याकडे पाहिलं. तिचे हात अजून जोडलेलेच होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.