नेझाकेत हानमचा पाहुणचार

नेझाकेत हानमला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत नेझाकेतबाईला, पाहुणे फार आवडायचे, पण ते शेजाऱ्यांना दिसले तर. त्यांनी जिना चढावा, बाल्कनीत बसून चहा प्यावा, आणि दिवेलागणीच्या आत आपापल्या घरी चालू लागावं. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या त्या चार मजली इमारतीत तिचं पालुपद ठरलेलं होतं, पाहुणा देवच पाठवतो. देवाने पाठवलेल्या पाहुण्याच्या खोलीला मात्र वर्षभर कुलूप. सोफ्यावर प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिकवर चादर. तिच्या नवऱ्याने, बिचाऱ्या हिकमेतने, एकदा तिथे पाय पसरून पेपर वाचला, तर त्याचा तिने दोन दिवस उद्धार केला.

अशी ही बाई परदेशी विद्यार्थिनीला घरात ठेवून घ्यायला आपणहून नाव नोंदवते म्हटल्यावर इमारतीला काय कळायचं ते कळलं. कारण होतं मुलाचं लग्न. वोल्कान चौतिशीला टेकला होता आणि दोन सोयरिकी आईच्या जिभेपायी मोडल्या होत्या. आता पलीकडच्या गल्लीतल्या इल्कनूरशी त्याचं जमलं होतं. अडलं होतं ते तिच्या आईपाशी. सादेत हानम पगार विचारत नव्हती, घर किती खोल्यांचं हेही विचारत नव्हती. "परक्याच्या लेकराला कसं वागवतात ते बघेन आणि मगच माझी लेक देईन," असं तिने स्वच्छ सांगून टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात रविवारी चहाला येऊन ती काय तो शब्द देणार होती. नेझाकेतने लगोलग परक्याचं लेकरू मागवलं.

ते लेकरू म्हणजे मिरजेची मुग्धा. विद्यापीठाच्या वसतिगृहात रंगकाम चाललं होतं म्हणून तिला तीन दिवसांपुरतं या घरी पाठवलं होतं. वर्षभर शिकवणी लावून ती तुर्की शिकून आली होती. शब्द पुष्कळ येत होते, पण माणसं बोलतात ते सगळंच खरं मानायचं नसतं, हे कुठल्या शिकवणीत सांगतात?

पहिल्या दिवशी नेझाकेतने टेबल असं भरलं की ताट ठेवायला जागा उरली नाही. मुग्धा मांस खात नाही हे कळल्यावर, मग निदान कोंबडी तरी खा, असा आग्रह झाला. तीही नको म्हटल्यावर द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळलेल्या सारम्या आल्या, वांगी आली, चीज भरलेले बोरेक आले. मग चहा. ग्लास रिकामा झाला की भरला जायचा. नको असेल तर चमचा ग्लासवर आडवा ठेवायचा, हे त्या पोरीला कुणी सांगितलंच नाही. ती सभ्यपणे पीत राहिली. तिने अकरा ग्लास चहा प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी नेझाकेत तो आकडा मजल्यामजल्यावर सांगत हिंडली.

तिसऱ्या दिवशी वसतिगृहातून निरोप आला, काम लांबलं, अजून पंधरा दिवस लागतील. मुग्धा म्हणाली, मी हॉटेल बघते. म्हणाली ती नेमकी जिन्यात, आणि तिसऱ्या मजल्यावरची पेरिहान कान टवकारून उभी. नेझाकेतने छातीवर हात ठेवला. "हॉटेलात? माझ्या मेलेल्या आईची शपथ, तू माझी लेक आहेस. शिक्षण संपेपर्यंत इथेच राहायचं."

असं बोलायची पद्धत असते. समोरच्यानेही तीनदा नाही म्हणायचं आणि बॅग भरायची असते. मुग्धाचे डोळे भरून आले आणि ती एकदाच म्हणाली, "बरं, मावशी." घ्या आता.

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली. चौथ्या दिवशी सारम्या गेल्या, पाचव्या दिवशी नुसतं मसुरीचं सूप आलं, सहाव्या दिवशी पाव आणि ऑलिव्ह. रात्री स्वयंपाकघरात नेझाकेत नवऱ्यापाशी धुसफुसायची, ही बया हलायचं नाव घेत नाही. हिकमेत म्हणायचा, तूच तर शपथ घातलीस. मग त्यालाही पाव आणि ऑलिव्हच मिळायचे.

रविवारचा चहा झाला की ही लगेच हलावी, म्हणून आठव्या दिवशी सकाळी तिने शेवटचा उपाय केला. पाहुणा हलेना झाला की त्याच्या बुटात मीठ टाकायचं, म्हणजे त्याचे पाय बाहेरची वाट धरतात. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. नेझाकेतने दाराशी ठेवलेल्या मुग्धाच्या दोन्ही बुटांत चिमूट चिमूट जाडं मीठ टाकलं आणि वळली, तर मागे मुग्धा उभी. पोरीने बुटात बघितलं, नेझाकेतकडे बघितलं, आणि तिच्या गळ्यात पडली. खुळीच आहे, नेझाकेत मनात म्हणाली, आणि सुटकेचा निःश्वास टाकून भांडी घासायला गेली.

रविवारी सादेत हानम आली, पेरिहानही लोचटासारखी मागोमाग आली. प्लॅस्टिक निघालं, सारम्या परत आल्या. वोल्कान नवा शर्ट घालून ट्रे फिरवत होता. लेकीसारखी ठेवलीय हो, लेकीसारखी, हे नेझाकेतने चार वेळा ऐकवलं. सादेत हानमने तिचं ऐकून घेतलं आणि मान मुग्धाकडे वळवली. "तू सांग पोरी. कसं वाटतंय या घरात?"

मुग्धा आठवून आठवून, शब्द जुळवत बोलली. "आई खूप लांब आहे. पण मावशी आईसारखी. आमच्याकडे आई मिठाने नजर काढते." नजर हा शब्द तिकडेही तोच, त्यामुळे तो तिने अगदी ठसक्यात उच्चारला. "मावशीने पण काढली. माझ्या बुटात मीठ टाकलं."

पेरिहानचा घास घशात अडकला. हिकमेत आपल्या ग्लासाच्या तळाशी काहीतरी शोधू लागला.

"भाषा कच्ची आहे हो तिची," नेझाकेत घाईघाईने म्हणाली. "काहीच्या बाही बोलते."

आपल्या मावशीचं चांगलं काम कुणाला पटत नाही असं बघून मुग्धा उठली आणि दाराशी जाऊन आपला उजवा बूट घेऊन आली. तो तिने सादेत हानमपुढे धरला. शिवणीत अजून खडे होते. "मी झटकलं नाही," ती म्हणाली. "नजर काढलेलं लगेच झटकायचं नसतं."

सादेत हानमने मिठाकडे बघितलं, मग वोल्कानकडे. त्याचे कान लाल झाले होते. त्याची तिला दया आली असावी, पण दयेपोटी कुणी लेक देत नाही.

"बॅग भर, पोरी," ती मुग्धाला म्हणाली. "वसतिगृह होईपर्यंत आमच्याकडे राहा. आमच्याकडे मीठ जेवणात घालतात. आणि नेझाकेत हानम, इल्कनूरचा विषय आपण इथेच संपवू."

वोल्कानने ट्रे खाली ठेवला. आईकडे न बघता तो मुग्धाची बॅग उचलून खाली घेऊन गेला.

दाराशी सादेत हानमने आपले बूट हातात घेतले, एकेक करून उलटे केले, जिन्यात नीट आपटले आणि मगच पायात घातले. नेझाकेत चौकटीला धरून उभी होती. अशा वेळीही जन्माची सवय कामी आली.

"पुन्हा या," तिच्या तोंडून गेलं. "आपलंच घर आहे."

सादेत हानमने वळूनही बघितलं नाही. जिना अर्धा उतरलेली मुग्धा मात्र थांबली आणि मान वर करून मनापासून म्हणाली, "येईन ना, मावशी. रोज येईन."